कमानीखाली

"परवाना माझ्या नावाचा, तवा कमान बी मीच बांधली की! तुला कसली मजुरी?" सात रस्त्याजवळच्या बंगल्याच्या बांधकामाचे मक्तेदार मानसिंगराव कुंडलिक गवंड्याला म्हणाले. बिगरपरवान्याचा हा गवंडी कचेरीत दाद मागू शकणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

कुंडलिकने हुज्जत घातली नाही. कमानीखालचे लाकडी टेकू काढायची वेळ झाली होती, आणि टेकू निघताना कमान बांधणाऱ्याने तिच्याखाली उभे राहावे, असा गवंड्यांचा रिवाज होता.

"या की मालक, हितं हुबं ऱ्हावा," तो अदबीने म्हणाला.

मानसिंगरावांनी एकदा वर पाहिले आणि मुकाट्याने पैशांची पिशवी त्याच्या हातात ठेवली.

कुंडलिक कमानीखाली मांडी घालून बसला. "काढा रं टेकू," तो गड्यांना म्हणाला, "तंवर मी पैसे मोजून घेतो."