पहिली भाकर

"कुत्र्यांच्या फ्लूची लस तुम्ही वेळेवर घेतलीत, मग वाघ्या आजारी पडलाच कसा?" डॉक्टरीणबाई चक्रावल्या. "त्या लसीनं औषध तुमच्या लाळेत तयार होतं. त्याला रोज तुमचं उष्टं देता ना?"

"उष्टं? अहो, खंडोबाचं कुत्रं ते! पहिली भाकर त्याची, मग माझी," तान्हूबाई म्हणाल्या.

"आता तरी द्या. ताप उतरेल."

देवाचं कुत्रं बाटवावं, की मरू द्यावं? शेवटी तान्हूबाईंनी पदरातली भाकर काढली, एक घास चावला, कपाळाला लावला आणि पुढे केला. वाघ्यानं तो हुंगला आणि गोंधळून त्यांच्याकडे पाहिलं. तेरा वर्षांत त्या त्याच्याआधी कधी जेवल्या नव्हत्या. मग त्यानं निम्मा घास खाल्ला आणि उरलेला नाकानं त्यांच्याकडे सरकवला.