त्या घरची सून

फोन वाजला आणि वाजतच राहिला. प्रेमिलाने सातवीच्या पेपरांवरून मान वर केली, नंबर पाहिला आणि पुन्हा खाली घातली. उद्या शाळेत लेखी द्यायचं होतं, पुढच्या वर्षी राहणार की नाही. मुख्याध्यापकांनी गोड बोलून सांगितलं होतं, "मॅडम, तुमच्या जागेवर यायला तिघं तयार आहेत." आमगावच्या खाजगी शाळेत अकरा वर्षं गणित शिकवूनही कायम न झालेल्या बाईला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही.

फोन पुण्याचा होता. सहा महिन्यांचा कोर्स, तिथेच राहायचं, संगणकावर आकडेवारीचं काम शिकवणार आणि नोकरी लावून देणार. बूटकॅम्प म्हणतात त्याला. बुटाचा आणि शिकण्याचा संबंध काय, हे प्रेमिलाने कुणाला विचारलं नव्हतं. असे तीन कोर्स तिने वहीच्या मागच्या पानावर रकाने आखून तपासले होते. एक गोंदियातच होता, पण तिथे शिकवणारा तिचाच जुना विद्यार्थी निघाला, आणि त्याला अपूर्णांक शिकवताना तिने हात टेकले होते. दुसरा घरबसल्या मोबाइलवर होता, पण या घरात फोन लागला तरी नेट आंब्याखाली गेल्याशिवाय मिळत नाही. उरला पुण्याचा. म्हणजे आठ वर्षांच्या आचलला सहा महिने सोडून जायचं. आचल अजून आईच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायची. नवरा भोजराज एवढंच म्हणाला, "तुले समजते त कर." ही मोकळीक होती की हात झटकणं, ते विचारण्याचं त्राणही आता तिच्यात उरलं नव्हतं.

पुण्याहून फोन करणारी रीता मॅडम मात्र फार गोड. रोज दुपारी न चुकता फोन. मराठी इतकी स्वच्छ की प्रेमिला नकळत पदर सावरून बोलायची. रीता आधी आचलची परीक्षा कशी झाली ते विचारायची, मग जागांचा विषय काढायची. दोनच जागा उरल्या होत्या. गेले वीस दिवस दोनच उरल्या होत्या.

"काऊन उचलत नाही फोन?" सासूबाईंनी विचारलं. सुशिलाबाई पडवीत बसून मोहफुलांतला कचरा वेचत होत्या.

"काय सांगू तिले, आई? माझंच ठरून नाही राहिलं."

"तिथचं कोनाले इचारलं का तू?"

"तिलेच त इचारून राहिली ना वीस दिवसांपासून."

"तिले कायले?" सुशिलाबाईंचा हात थांबला. "पोरगी द्याची असली त पोराची माय काय सांगते ते कोन आयकते? त्या घरच्या सुनेले इचारा लागते."

स्वतःच्या मुलीच्या, नीतूच्या वेळी त्यांनी तेच केलं होतं. पाहुण्यांचं घर भारी, जमीन भारी, ताटात पाच पदार्थ. सुशिलाबाई हात धुवायच्या निमित्ताने मागच्या अंगणात गेल्या आणि थोरल्या सुनेला गाठलं. तिने कुणाची एका शब्दाने तक्रार केली नाही. फक्त विचारलं, "तुमची पोरगी रडकी त नाही ना?" सुशिलाबाईंनी घरी येऊन त्याच दिवशी नकार कळवला.

फोन पुन्हा वाजला. या वेळी प्रेमिलाने उचलला.

"मॅम, आज मात्र ठरवायलाच हवं हं," रीता म्हणाली. आवाज हसरा होता, पण घसा बसलेला. शेवटच्या तासाला आपला घसा असाच होतो, असं प्रेमिलाला वाटून गेलं.

"ठरवते. पण आधी मला तुमच्याकडे शिकलेल्या एका बाईशी बोलायचंय. माझ्यासारखी. शाळा सोडून आलेली, लेकरू घरी ठेवून आलेली."

"अनुभवांचे व्हिडिओ पाठवलेत ना मॅम, ते बघा."

"व्हिडिओ नको. बाई पाहिजे."

पलीकडे रीताच्या मागे दहा-बारा जणींचे आवाज येत होते. प्रत्येक जणी कुणाला तरी सांगत होती की दोनच जागा उरल्यात. मग रीता बोलली ती इतकी हळू, की प्रेमिलाने फोन कानावर दाबून धरला.

"ताई, मी अर्जुनी मोरगावची आहो."

पुण्याची मराठी कुठल्या कुठे गेली होती.

"मी बी शाळेतच शिकवत होती. पोरीले मायजवळ ठेवलं अन् आली इथं. दीड वर्ष झालं. आमच्या बॅचमंदी पयली आली मी."

प्रेमिलाच्या छातीवरचं ओझं एकदम हलकं झालं. वीस दिवस जिला शोधायला हवं होतं, ती रोज कानाशीच बोलत होती. आपल्याच जिल्ह्याची, आपल्यासारखी मास्तरीण, आणि पहिली आलेली. हिला जमलं तर आपल्याला का जमू नये? आचलची समजूत घालता येईल. सहा महिने म्हणजे काही जन्म नव्हे. तिने पेपर बाजूला सारले.

"मंग नोकरी लागली का वं?"

पलीकडे कुणाच्या तरी बुटांचा आवाज जवळ आला आणि थांबला. रीताने घसा साफ केला. पुन्हा तीच स्वच्छ मराठी, तोच हसरा आवाज.

"हो मॅम, लगेच लागली. त्याच नोकरीवरून तर तुम्हाला रोज फोन करते."