नावाआधीचा घोट

बाथरूममध्ये सासऱ्यांची भरत असलेली बादली. चष्म्याच्या डबीत एक छोटी किल्ली. ड्रॉवरवर ओल्या बोटांचा ठसा, पदराने पुसलेला. ‘खुर्चीत आचारी बसला होता.’ गॅसवर उतू गेलेलं दूध.

हे मंगळवारचं. आज रविवार, आणि सासरे आपल्या नव्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचून दाखवत होते.

सून समोर बसली होती, हात मांडीत घट्ट. खुनी कोण हे कळेपर्यंत तिला धीर धरवला नव्हता, एवढंच. सकाळपासून तिने स्वयंपाकघरात तालीम केली होती. डोळे मोठे, हात तोंडावर, मग ‘अगंबाई!’ दर वेळी ते खोटंच वाटत होतं.

“आता बघा, किंचाळणार ही,” नवरा सोफ्यावर पाय पसरत म्हणाला. “शेजारी धावत येतील.”

“येऊ देत,” सासरे म्हणाले. “मला आजवर बक्षीस कुठलं मिळालंय? हिचं ‘अगंबाई’. तेवढ्यासाठी तर लिहितो.”

तिने मान खाली घातली.

ते वाचत राहिले. जिना. बंद खोली. फटीतून उजेड. ‘इन्स्पेक्टरने दार ढकललं आणि तो जागीच थबकला.’ इथे त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. खुन्याच्या नावाआधी ते नेहमीच एक घोट घेत, सावकाश, तिच्याकडे बघत.

“बाबा, किती छळता हो!” नवरा म्हणाला.

तिला ती नजर सोसवेना.

“अगंबाई!” ती ओरडली. “आचारी!”

ग्लास ओठांशीच थांबला. मग त्यांनी तो खाली ठेवला, चष्मा नीट केला आणि पान उलटलं. ‘खुर्चीत मोठी बहीण बसली होती. तिच्या पायांत मेलेल्या माणसाच्या चपला होत्या.’

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. खराखुरा. मोठी बहीण! पहिल्या पानापासून घरातल्या सगळ्यांना आपल्या हाताने रांधून वाढणारी! ‘अगंबाई’ ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

“फसली!” नवऱ्याने टाळी वाजवली. “बाईसाहेब सपशेल फसल्या!”

सासरे तिच्याकडेच पाहत होते. “फसलीस ना गं?”

“फसले, बाबा.”

“मग झालं तर.” त्यांनी पानांच्या कडा जुळवल्या. बराच वेळ जुळवत राहिले. “हा शेवट परवा नव्याने लिहिला. आधीच्यात मी आयत्या वेळी एक परकाच माणूस आणून बसवला होता. वाचणाऱ्याशी ती लबाडी झाली असती.”

ते उठले, पानं ड्रॉवरमध्ये ठेवली आणि आत निघून गेले. किल्ली कुलपातच राहिली.

कादंबरीतल्या त्या घरात, शेवटच्या प्रकरणाआधीच्या एकाही पानावर, आचारी नव्हता.