बुरशी न धरलेली जागा

लोणावळ्याचं आमचं घर पावसाळाभर बंद असतं. ऑक्टोबरात उघडलं की भिंती बुरशीने हिरव्या झालेल्या असतात. त्या पुसायला दर वर्षी मला नवी बाई शोधावी लागते, कारण जुनी परत यायला तयार नसते. का, ते एकही धड सांगत नाही.

यंदा वडिवळ्याच्या बयाबाई आल्या. माझी सात वर्षांची ओवी अंगणात खेळत होती. दुपारपर्यंत सगळ्या भिंती पुसून बयाबाई हॉलच्या कोपऱ्यात थांबल्या.

“हितं पुसायला काय न्हाई, दादा.”

तिथे, जमिनीलगत, बुरशी धरलीच नव्हती. कुणी रोज पाठ टेकून बसावं एवढीच जागा स्वच्छ होती. खांद्यांची गोलाईसुद्धा कळत होती. तिला लागून तशीच एक लहान जागा होती.

“गेल्या साली माजी जाऊ आलती हितं कामाला,” बयाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “ती म्हनलीती, एकच हाय.”

मी मोठ्या जागेवर तळहात ठेवला. भिंत कोमट होती.

बयाबाईंनी फडकं तिथेच टाकलं आणि त्या निघाल्या. मी हाका मारत फाटकापर्यंत गेलो, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

परत आलो, तर ओवी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. ती लहान जागा तिच्या पाठीने बरोबर झाकली होती.

“ओवी, ऊठ तिथून.”

“थांब ना, बाबा.”

तिने मोठ्या जागेच्या बाजूला मान कलती केली. तिचं डोकं अर्ध्यावरच, हवेत, टेकलं.