मधाचा पाव

प्रीतम जहाजावर कुक होता. बायकोची, रंजिताची, किमो सुरू झाली तसा तो नोकरी सोडून खांदेश्वरला घरी आला. तिने दोन घास जास्त खावेत म्हणून देशोदेशी शिकलेले मधाचे पदार्थ करू लागला. तुर्की बकलावा झाला, रशियन केक झाला. ती निमूट खायची आणि म्हणायची, "छान झालाय."

आज त्याने इथिओपियाचा मधाचा पाव केला.

"आजचा सगळ्यांत गोड झालाय," रंजिता म्हणाली.

आणखी एक तुकडा आणायला तो आत गेला. ओट्यावर पावासाठी काढलेली मधाची नवी बाटली तशीच होती, सीलबंद. त्याने पाव चाखून पाहिला. गोडाचा पत्ताच नव्हता. बाटली कपाटात ठेवून तो तुकडा घेऊन बाहेर आला.

"उद्या मध थोडा कमी घालतो."

"कशाला? असाच घाल."