बोटभर उंची

कपाटाच्या आरशासमोर भालचंद्रराव टाचा न उचलता उभे होते आणि संसारात पहिल्यांदाच बायकोपेक्षा उंच दिसत होते. भांग सारखा करण्याच्या मिषानं त्यांनी ते दोनदा पाहून घेतलं.

"बघा, बघा मनसोक्त," पाठीचा पट्टा सावरत शरयूबाई म्हणाल्या. "बादली उचलताना माझा मणका दबला आणि तुमचं नशीब फळफळलं!"

लग्नात बुटक्या नवऱ्याचा हात पुरावा म्हणून शरयूबाईंनी हारासाठी मान खाली घातली होती. पुढे प्रत्येक फोटोत हळूच गुडघे वाकवले, उंच टाचेची चप्पल कधी घेतली नाही. नवऱ्याच्या हे लक्षातही आलं नसेल, अशी त्यांची खात्री होती.

डॉक्टरांनी निर्णय त्यांच्यावरच सोडला होता. पट्टा लावून आराम करायचा, नाहीतर छोटं ऑपरेशन करून मणक्यात सिमेंट भरायचं. ऑपरेशननं दुखणं लवकर कमी होईल, पण गेलेली उंची आली तर बोटभर. शरयूबाईंना सुईचीसुद्धा भीती. आठवडाभर 'उद्या ठरवू' चाललं होतं.

"तुमचं मत पट्ट्यालाच असणार," त्यांनी डिवचलं. "आयती मिळालेली उंची कोण सोडतंय?"

भालचंद्ररावांनी कंगवा खाली ठेवला. "ऑपरेशन करून घे. कूस बदलताना तू कण्हतेस आणि झोप माझी उडते."

"आणि उंची बोटभरच आली तर?"

"येईल तेवढी येऊ दे. त्या हारापासून तूच वाकत आलीस. उरलेलं आता मी वाकतो."