दुधना कुठं मिळते

"ताई, डोळ्यानं बघितलेलं चालत न्हाई का?" आदिनाथनं विचारलं.

"उत्तरतालिकेवरच्या हरकतीत नाही चालत," विमल म्हणाली. "पान नंबर लागतो."

परभणीतल्या त्या अभ्यासिकेचं कुलूप काढायचं, पंखे लावायचे, आवाज करणाऱ्याकडं नुसतं बघायचं, एवढंच खरं तर विमलचं काम. पण दोन वर्षांपूर्वी नवरा गेला, शंतनू, आणि तेव्हापासून तिनं आणखी एक काम अंगावर घेतलं होतं. पोरांना इंटरनेटवरनं भरवशाचा संदर्भ काढून द्यायचा. कुणी शिकवलं नव्हतं. छत्तिसाव्या वर्षी, रिकाम्या घरात बसण्यापेक्षा, चुकत माकत शिकली. त्यात बरं वाटायचं. बरं म्हणजे, काहीच वाटायचं नाही, तेच बरं.

आदिनाथ बोरीचा. वडील उमाजी मेंढरं राखतात. एका महामंडळाच्या लिपिक भरतीत परभणीसाठी जागा एकच होती, आणि तात्पुरत्या यादीत आदिनाथ दुसरा होता. एका मार्कानं.

"आबा म्हणलेत, ही शेवटची. हुकली की काठी घेऊन मेंढरामागं." त्यानं मोबाईल पुढं केला. "आन् हे बगा पयलं नाव. जोशी अबोली व्यंकटराव. कोण बया हाय कोण जाणे. घरात बसून गाइडं घोकली असतील."

"असतील," विमल म्हणाली. "प्रश्न कुठला?"

"संच ब, सत्तेचाळीस नंबर. दुधना नदी..."

"क मध्ये बारावा तो. दुधना नदी कोणत्या नदीला मिळते? गोदावरी, पूर्णा, मांजरा, सिंदफणा."

"तुमचं तर पाठच हाय समदं! तर उत्तरतालिकेत गोदावरी दिलंय. मी पूर्णा केलं. दर साली आमी संगमावर मेंढरं नेतो, ताई. दोन्ही नद्यांचं पाणी प्यालोय मी." मग तो भिंतीकडं बघून हसला. "तुमच्या तक्त्यातबी गोदावरीच हाय की वो!"

भिंतीवर विमलच्या अक्षरातला तक्ता होता. वर नद्या-उपनद्या, खाली भरतीच्या वयाच्या अटी. खुला प्रवर्ग, अडतीस.

"गाइडावरनं उतरवलाय मी तो," ती म्हणाली.

दुधना तिच्या माहेरच्या, सेलू तालुक्यातली. लहानपणापासनं एसटीच्या खिडकीतनं शंभरदा बघितलेली. पुढं कुठं जाते, हे तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

हरकतीची मुदत शुक्रवारपर्यंत होती. विमलनं संगणक सुरू केला. आदिनाथ खुर्ची ओढून बसला.

"हे बगा, चार साइटा गोदावरी म्हणायल्यात," तो हिरमुसून म्हणाला. "चारजण खोटं बोलतील का?"

"नीट वाच. चौघांनीही 'गोदवरी' लिहिलंय. काना चौघांचा एकाच जागी कसा सांडला?"

आदिनाथनं जवळ जाऊन वाचलं.

"एकानं लिहिलं, तिघांनी उचललं," विमल म्हणाली. "नावं चार दिसली म्हणून माणसं चार नसतात. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, त्याला कुठनं कळलं, हे विचारायचं. उत्तर मिळालं नाही तर सोडून द्यायचं."

"माणसाला बी असंच तपासता का तुमी?"

"माणसाला कोण विचारतंय. जा, अभ्यास कर."

पुरावा तिला त्याच दुपारी सापडला. सरकारी संकेतस्थळावर जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर होतं, त्यात नद्यांचं प्रकरण. दुधना पूर्णेला मिळते, आणि पूर्णा गोदावरीला. स्वच्छ.

आदिनाथला तिनं सांगितलं तिसऱ्या दिवशी. मधले दोन दिवस तिनं गोदावरीच्या बाजूनं एखादा भरवशाचा पुरावा मिळतो का ते शोधलं. पाटबंधाऱ्याचे अहवाल उघडले, नकाशे बोटानं मोठे करून बघितले. मिळाला नाही. दुधना प्रत्येक नकाशात पूर्णेलाच मिळत होती.

शुक्रवारी तिनं पानांची प्रत काढली, ओळीखाली रेघ ओढली, हरकतीचा मजकूर स्वतः टंकला.

"झालं. आता दाब," ती म्हणाली.

"तुमीच दाबा, ताई. तुमचा हात चांगला हाय."

विमलनं क्षणभर पडद्याकडं बघितलं आणि बटण दाबलं. मग उठून स्टुलावर चढली, तक्त्यावरचं गोदावरी खोडलं, वर पूर्णा लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

सुधारित तालिका आणि यादी तीन आठवड्यांनी लागली. पूर्णा बरोबर. ज्यांनी गोदावरी केलं, त्यांचा मार्क गेला. आदिनाथ पहिला.

तो आईला घेऊन आला. कोंडाबाईनं पिशवीतनं पेढे आणि नवीन घोंगडी काढून विमलच्या टेबलावर ठेवली.

"घ्या माय. आमच्याच लोकरीची हाय. कोण कुणाच्या लेकराला एवढं करतंय?"

"मी काही केलं नाही हो. ते छापलेलंच होतं."

"आन् त्या पयल्या बाईचं कसं रे, आदिनाथ?" कोंडाबाईनं मधेच विचारलं. "तिच्या तोंडचा घास गेला की."

"चुकीच्या मार्कावर किती दिवस बसली असती, आई? तिचं ती बगंल."

"बघेल ती," विमल म्हणाली आणि पेढा तोंडात टाकला. गोड होता, एवढं कळलं.

ते दोघं गेल्यावर तिनं पंखे बंद केले. घोंगडीची घडी मांडीवर घेऊन बसली. लोकर जरा टोचत होती. फोन वाजला. माहेरचा नंबर. लग्नात ठेवलेलं विमल हे नाव त्या घरी, आणि शाळेच्या दाखल्यावर, कधी पोचलंच नव्हतं. दोनदा वाजू दिला, मग उचलला.

"बोला, नाना."

"लागली का गं यादी, अबोली?"